सतरा लाटणी आणि एक कपाट

"ही भिंत ढकलली तर हलेल का?" असं मी नुसतं विचारलं, तर सतराच्या सतरा पोरांनी भिंतीला हात लावले आणि दात-ओठ खाऊन ढकलायला लागली. एकाची चड्डी खाली आली तरी त्याने हात सोडले नाहीत. शेवटी मीच म्हटलं, "बस्स. हलली का?"

"हलली!" सगळे एका दमात.

"कुठं हलली?"

"थोडीशीच हलली," दोन शेंड्यांची पोरगी म्हणाली. "तुमचं लक्ष नव्हतं."

हा माझ्या मास्तरकीचा पहिला दिवस. वय बहात्तर, शिक्षण चौथी, तीही ढकलून पास. आता खोटं कशाला सांगू, मला त्या भिंतीकडे खरंच एकदा बघावंसं वाटलं.

मी काही मास्तर नाही. डोंबिवलीच्या एमआयडीसीत मशीनी हलवणाऱ्या गँगमध्ये माझी सगळी उमर गेली. कारखान्यात नवी मशीन ट्रकातून उतरवायची, जागेवर न्यायची, पाण्याच्या लेव्हलवर बसवायची. क्रेन आत शिरत नाही तिथं आम्ही शिरायचो. पहार, लोखंडी पाइप, दोर आणि चार-सहा माणसं. विठ्ठलवाडीला एका बोळातल्या वर्कशॉपात आम्ही एवढं मोठं लेथ नेलेलं, की शेजारची म्हातारी रोज येऊन विचारायची, "अरे, घराच्या आधी मशीन बांधली का रे?"

मास्तरीण माझी बायको. ठाकुर्लीला आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावरच्या खोलीत तिने सव्वीस वर्षं बालवाडी चालवली. गेल्या श्रावणात ती गेली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. लिहून काय होतं? सकाळी दोन कप चहा टाकतो आणि एक ओतून देतो, एवढं लिहिलं तरी पुरे.

ती गेल्यावर बालवाडी तिची मदतनीस बघायला लागली. दिव्याहून लोकलने येते, पोरं तिला ताई म्हणतात म्हणून मीही ताईच म्हणतो. ती मला काका म्हणते आणि वर दम देते. आणि मी? मी रोज सकाळी त्या खोलीत जाऊन कपाटाशेजारी खुर्ची टाकून बसायचो. राखणीला.

कारण ते कपाट माझ्या बायकोचं. लोखंडी, हिरवं, माझ्याहून वीतभर उंच. त्यात बालवाडीचं सगळं सामान. ते तिच्याशिवाय कोणी उघडायचं नाही, हा नियम. उघडताना सुद्धा ती एका दाराला कंबर लावून उभी राहायची, दुसरं दार चार बोटं उघडायचं, त्यातून हात घालून पाहिजे ते काढायचं आणि धाडकन बंद. मी मदतीला गेलो की म्हणायची, "अहो, लांब व्हा. सगळं बिघडवाल." मला वाटायचं, किती नीटनेटकी बाई! आतलं कुणाचं बोट लागू देत नाही. आणि मी असा, की माझा बनियन मलाच सापडत नाही.

ती गेल्यापासून त्याची किल्ली माझ्या करदोड्याला. एकदाही उघडलं नाही. ताई लागेल ते सामान घरून पिशवीतून आणायची.

तर झालं काय, की कपाटामागच्या भिंतीला वरच्या संडासाची गळती लागली. पोपडे पडायला लागले. सोसायटीचे सेक्रेटरी येऊन बघून गेले आणि म्हणाले, "काका, सोमवारी प्लंबर भिंत फोडणार. कपाट समोरच्या भिंतीला जायला पाहिजे. दोन हमाल बोलावतो. ते म्हणाले, रिकामं करून द्या, मग उचलतो."

"रिकामं नाही होणार," मी म्हटलं.

"का?"

"तिने लावलंय ते. एकदा बाहेर काढलं की परत तसंच लावणारा हात कुठनं आणू?"

सेक्रेटरींनी कपाटावर एक टिचकी मारली. मग हळूच म्हणाले, "पण काका, भरलेलं कपाट हलणार कसं?"

आता हे मला विचारायचं? ज्याने आख्खी पॉवर प्रेस पाण्याने भरलेला ग्लास वर ठेवून सरकवली, त्याला? "मी हलवतो," म्हटलं. "आतली कपबशी वाजणार नाही. रविवारपर्यंत होईल. नाही झालं, तर तुमचे हमाल आणि तुमचं कपाट."

बोलून गेलो. सेक्रेटरी गेल्यावर आठवलं, की माझा गुडघा जिन्याला भितो, हर्नियाचं ऑपरेशन झालंय आणि माझी गँग म्हणजे निम्मी वर गेली, निम्मी गावाला. हातात आठवडा. आणि माणसं? समोर सतरा होती. सगळ्यांत थोरला साडेपाच वर्षांचा.

त्याच दिवशी ताईने फळ्यावर चित्र लावलं. एक मुलगा गाडी ढकलतोय, एक मुलगी दोरी ओढतेय. या महिन्याचा विषय म्हणे 'ढकलणे आणि ओढणे'. पोरं चित्राकडे बघून जांभया देत होती. मी खुर्चीतून बोललो, "चित्रातली गाडी ढकलून काय घंटा कळणार त्यांना?"

"मग या ना पुढे," ताई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "तुम्हीच शिकवा. नुसतं बसून बोलायला पैसे पडत नाहीत."

म्हणून मी उठलो आणि भिंतीचं विचारलं.

दुसऱ्या दिवशी घासणं शिकवलं. पुस्तकात त्याला घर्षण म्हणतात, ताईने सांगितलं. आमच्या गँगमध्ये म्हणायचे, जमीन पाय धरते. तांदळाची अर्धी गोणी घेतली, पोरांना बाहेरच्या खडबडीत ओट्यावर ओढायला लावली. हलेना. मग खोलीतल्या लादीवर ओढली. जरा हलली. मग मी खिशातून कॅरमची पावडर काढली आणि लादीवर शिंपडली. इथं माझी चूक झाली. कारखान्यात माणसं बूट घालतात, हे मी विसरलो.

गोणी सुटली ती भुर्रकन. तिच्यामागे पोरं सुटली. एक बसून, एक पोटावर, एक उलटा. ओरडा असा की वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. आणि तेवढ्यात ताई खिचडीचं पातेलं घेऊन दारातून आत आली. पहिलं पाऊल पडलं, दुसरं पडलंच नाही. दारापासून फळ्यापर्यंत बाई उभीच्या उभी गेली, पातेलं छातीशी, तोंडाचा आ. फळ्याला टेकून थांबली. एक शीत सांडलं नाही.

मग दोन शेंड्यांवाली म्हणाली, "ताई, परत."

"काका," ताई म्हणाली, "तुम्ही घरी जा."

मी हसायचं नाही म्हणून दात दाबले, तर नाकातून हसू आलं. ते बघून ती पण फुटली. श्रावणानंतर मी पहिल्यांदा हसलो असेन. हसून झाल्यावर मला जरा चोरी केल्यासारखं वाटलं. मग लादी पुसायला लागलो. ओल्या फडक्याने पुसून पावडरीचा चिखल झाला, ते वेगळं.

तिसऱ्या दिवशी डब्याला दोरा बांधून ओढलं. वरच्या काठाला बांधून ओढला की डबा तोंडावर पडतो, तळाशी बांधून ओढला की गप सरकतो. "उंच वस्तूला खालून धरायचं," मी सांगितलं, "म्हणजे ती आपल्यावर पडत नाही." आणि गँगचे कायदे सांगितले. एक, तोंड एकाचंच, हात सगळ्यांचे. मुकादम बोलेल तेव्हाच ओढायचं. दोन, मालाच्या खाली बोट घालायचं नाही, देव आला तरी. तीन, जड वस्तू हलवण्याआधी तिला थांबवायची तयारी ठेवायची. हे तिसरं पोरांना पटेना. मग मी त्यातल्या जाड्याला पाटावर बसवून पावडर उरलेल्या कोपऱ्यातून ढकलला. थांबायला काही नव्हतं, म्हणून तो चपलांच्या ढिगात जाऊन थांबला. "आता कळलं?" तर म्हणाला, "नाही, अजून एकदा दाखवा."

"आणि काम झाल्यावर काय करायचं?" एकाने विचारलं.

"मशीन बसली की मालकाने पेढे द्यायचे. आणि गँगच्या समोर मशीन चालू करून दाखवायची. ती चालू झालेली बघितल्याशिवाय गँग हलत नाही. हा आमचा हक्क."

हे मी सांगायला नको होतं. पण सांगितलं.

चौथ्या दिवशी गोल वस्तूचा धडा. खाली पेन्सिली, वर वही, वहीवर दगड. फुंकर मारली तरी वही चालायला लागली. पोरं येडी झाली. मी म्हटलं, "उद्या येताना घरातनं एकेक वस्तू आणा. गोल, लांब, गुळगुळीत आणि मजबूत." माझ्या डोक्यात होती मेणबत्ती, बाटली, फार तर छत्रीचा दांडा.

दुसऱ्या दिवशी सतरा पिशव्यांतून सतरा लाटणी निघाली.

आईला विचारून आणली का, हे विचारायचं माझ्या ध्यानात आलं नाही. आम्ही दिवसभर पाट फिरवला लाटण्यांवरून. पाटावर एक जण, दोरी धरून तिघे, बाकीचे मागचं मोकळं झालेलं लाटणं उचलून पुढे घालायला. पाट खोलीला अकरा प्रदक्षिणा घालून आला. लाटणी नंतर मी टोपलीत भरून खोलीतच ठेवली, उद्यासाठी.

संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला, "आमचं लाटणं दिसत नाहीये, कोणी नेलंय का?" खाली दुसरा, "आमचं पण." मग तिसरा. कोणी लिहिलं, भुरटे चोर फिरतायत. कोणी लिहिलं, चोर लाटणं कशाला नेईल? एका बापाने काचेच्या बाटलीने पोळी लाटल्याचा फोटो टाकला. पोळी कुठल्या देशाच्या नकाशासारखी होती. चार घरांत खिचडी झाली. दुसऱ्या मजल्यावरच्या सोलापूरच्या बाईंनी तेवढं लिहिलं, "आमच्यात भाकरी थापतात. आम्हाला काय फरक पडत नाही. त्या चोराला सांगा, आमचं खुशाल ठेव." त्यांच्या नातवाने आणलेलं लाटणं नवंकोरं होतं, ते का ते तेव्हा कळलं.

मी मोबाईल घेऊन बसलो होतो. शेवटी अंगठ्याने एकेक अक्षर दाबत लिहिलं, "चोर मी आहे. रविवारी परत करतो."

सकाळी आठ-नऊ बाया खोलीच्या दारात. मी कपाट दाखवलं, गळती दाखवली, सगळं सांगितलं. कपाटाचं नाव निघाल्यावर त्यांचा आवाज खाली आला. त्यातल्या निम्म्या स्वतः लहानपणी माझ्या बायकोच्या हाताखाली बसलेल्या. एक म्हणाली, "असू दे आजोबा, रविवारपर्यंत ब्रेड खाऊ."

मग मी लाटणी निवडायला बसलो. पहिल्यांदा मला कळलं, की लाटण्यातही किती तऱ्हा! मधे फुगीर ती बाद. त्यांच्यावर वजन आलं की ती भोवरा होतात. टोकाला निमुळती ती बाद. मला पाहिजेत सरळ आणि सगळी सारख्या जाडीची. दोऱ्याने घेर मोजला. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार, आठ लागणार. जमली सात.

"एक कमी पडतंय," मी म्हटलं.

दोन शेंड्यांवाली टोपलीत डोकावली. "आम्ही सगळ्यांनी आणलं. तुमचं कुठंय?"

"माझं?"

"तुमच्या घरचं लाटणं. तुम्ही नाही आणलं."

ताई पटकन म्हणाली, "अगं, आजोबा डबा मागवतात."

"पण लाटणं आहे ना?"

आहे. ओट्याच्या बाजूला खिळ्याला टांगलेलं. मी घरी गेलो. श्रावणापासून त्याला हात नव्हता लावला. एका टोकाला पीठ वाळून बसलेलं. दोऱ्याने घेर मोजला. त्या सातांच्या बरोबर. मी ते पीठ पुसलं नाही, तसंच घेऊन खाली आलो. दोन मजले उतरायला मला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, गुडघ्याचं नाव सांगायला बरं.

रविवारी सकाळी दहाला गँग हजर. दोन शेंड्यांवालीचा बाप रिक्षा चालवतो, त्याने रिक्षाचा जॅक आणला. एकेका कोपऱ्याने कपाट चार बोटं उचललं, पायांखाली दोन फळ्या सरकवल्या, फळ्यांखाली लाटणी. दोर खाली, अगदी पायांशी बांधला. कपाट डुगडुगायला नको म्हणून तो मागे दोन्ही हात लावून उभा. मागची मोकळी लाटणी उचलायला ताई, पुढे घालायला मी. पोरांना मालाजवळ येऊ दिलं नाही. पोरं लांब दोराला, दोन रांगांत. नारळ मी फोडला. आयांनी दारात गर्दी केलेली, सेक्रेटरी मोबाईलवर शूटिंग करत.

"तोंड कोणाचं?" मी विचारलं.

"एकाचंच!" सतरा तोंडं ओरडली.

"हां... दोर ताणा... हळू... चलू दे!"

आणि ते चाललं. आई शप्पथ सांगतो, लोण्यात सुरी जावी तसं. एवढं मोठं धूड, ज्याला दोन हमाल हात लावायला तयार नव्हते, ते सतरा शेंबड्या पोरांच्या मागे वासरासारखं निघालं. पोरांचा विश्वासच बसेना. एकाने मागे वळून बघितलं, "आई, येतंय! ते येतंय!" आणि हसू फुटून त्याचा दोर सुटला. "मागचं लाटणं!" मी ओरडायचो, ताई उचलून माझ्याकडे द्यायची, मी पुढे घालायचो. गुडघा कुठं गेला होता कोण जाणे.

अर्ध्या खोलीत आलो आणि कपाटाच्या आत आवाज झाला. खुळ्ळ.

"थांबा!" मी ओरडलो. डस्टर तयार ठेवले होते पाचरीला, ते लावले.

"आत कोणतरी आहे," जाड्या हळूच म्हणाला.

मी दाराला कान लावला. काही नाही. कपबशी वाजणार नाही असं बोललो होतो मी. तिने नीट लावलेलं काहीतरी माझ्या हाताने आडवं झालं. ताई म्हणाली, "काका, मधेच कसं ठेवणार? चला." मग पुढचे सहा फूट एकेक वीत करत नेलं. मी तोंडाने बोलायचं सोडून बोटाने खुणा करायला लागलो आणि पोरांनी पण तोंडावर बोट ठेवून, चवड्यांवर, चोरासारखा दोर ओढला. आतलं जागं होऊ नये म्हणून.

समोरची भिंत आली. जॅक लावून फळ्या काढल्या, कपाट बसलं. टाळ्या, शिट्ट्या. आया आपापलं लाटणं ओळखायला लागल्या, त्यावरून दोघींचं वाजलं. मी पेढे वाटले. झालं, म्हटलं. वाचलो. उघडावं लागलं नाही.

पेढा तोंडात असतानाच दोन शेंड्यांवाली म्हणाली, "आता चालू करा."

"काय चालू करा?"

"मशीन. तुम्ही म्हणालेलात. चालू बघितल्याशिवाय गँग जात नाही."

"अगं, हे कपाट आहे. ते चालू होत नाही."

"मग उघडून दाखवा."

"उघ-डा! उघ-डा!" एकाने सुरू केलं, सगळे लागले. मी ताईकडे बघितलं. ती माझ्या करदोड्याकडे बघत होती. सेक्रेटरींनी मोबाईल खिशात टाकला. मी म्हणू शकलो असतो, गप बसा रे. पण हक्क माझ्या तोंडाने सांगितलेला. सगळी उमर आम्ही मालकाला त्या हक्कासाठी अडवून बसलो आणि आता मालक मी, तर शब्द फिरवू?

भिंतीकडे तोंड करून करदोड्याची किल्ली सोडली. कुलपात फिरवली. आणि दोन्ही दारं धरून, सरळ, नीट, मोठ्या मानाने उघडली.

पहिला चेंडू कपाळावर आला. मग धबधबा. चेंडू, नारळाच्या करवंट्या, दोऱ्याची रिकामी रिळं, डब्यांची झाकणं, मण्यांची पिशवी फुटलेली, खुळखुळे, एका हाताच्या बाहुल्या, तीनचाकीचं एक चाक, पोरांकडून जप्त केलेले भोवरे, आणि गोट्या, अरे देवा, गोट्या! शेकड्याने. लादीला दाराकडे उतार आहे हे मला तेव्हा कळलं. सगळं गोल ते दाराकडे निघालं, आयांच्या पायांतून बाहेर, पायरीवरून टणटण उतरून कंपाउंडात. पोरं किंचाळत मागे. ते चाक तर एकटंच, घाई असल्यासारखं, गेटपर्यंत गेलं.

मी पावलं बुडेपर्यंत सामानात उभा. आत बघितलं. एक फळी धड लावलेली नाही. सगळं कोंबलेलं, ठासलेलं, दार लावून गप्प केलेलं. मी ज्याची राखण करत बसलो होतो ती मांडणी नव्हतीच. बाई नीटनेटकी नव्हतीच! लांब व्हा म्हणे. सव्वीस वर्षं मला फसवलं.

मी जो हसायला लागलो, तो खालीच बसलो. ताई पदराने डोळे पुसत होती. हसत होती की रडत, मी विचारलं नाही. माझं मलाच सांगता आलं नसतं. "मला एकदा दिसलेलं," ती म्हणाली. "बाईंनी शपथ घातली होती, यांना सांगू नकोस म्हणून."

सगळं गोळा करायला दुपार झाली. पोरं ओंजळी भरभरून आणत आणि आत भिरकावत. मी कुणाला नीट लाव म्हटलं नाही. शेवटी सगळं आत गेलं आणि दार लागेना. चार बोटं उघडंच. एका गोटीने बाहेर डोकं काढलं. दोन शेंड्यांवाली आणि जाड्या मदतीला धावले.

मी दाराला कंबर लावली. दाबून उभा राहिलो, किल्ली हातात.

"लांब व्हा रे," मी म्हटलं. "सगळं बिघडवाल."